सल्ला हवा : बाबांसाठी बोर्दोची एक 'ग्राँ क्रू क्लासे' बाटली. लेओव्हिल बार्टन घ्यावी का?

मंजिरी_तुलूझ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबा महिनाभर आमच्याकडे तुलूझला येताहेत. बाबांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. आधी थॉमसन, आता थोडी काळी शरदही आहे. नाशिकच्या वायनरींमधली वाइन त्यांनी चाखली आहे आणि आवडलीही आहे. पण फ्रान्सच्या वाइनचं जगभर एवढं कौतुक का, हे त्यांना मनापासून समजून घ्यायचं आहे, आणि तेही बागायतदार म्हणून. मातीत काय आहे, वेल कशी राखतात, माल किती काढतात, असे त्यांचे प्रश्न असतात. म्हणून एक दिवस त्यांना बोर्दोजवळच्या मेदोक या द्राक्षपट्ट्यात फिरवायचं आणि घरी एक खरोखर चांगली बाटली उघडायची, असं आम्ही ठरवलं आहे. बजेट शंभर युरोच्या आसपास.

आमच्या गल्लीतल्या वाइनवाल्याने शातो (म्हणजे स्वतःची बाग असलेलं वाइनचं घर) लेओव्हिल बार्टन सुचवली. सँ-झुलियाँ गावची, १८५५च्या 'ग्राँ क्रू क्लासे' म्हणजे श्रेणीबद्ध वाइनच्या यादीतली 'दुसऱ्या श्रेणीची'. त्याच्याकडे २०१४, २०१६ आणि २०१९ अशी तीन सालं आहेत. २०१६ सगळ्यांत महाग, बजेटच्या थोडी वर. दुसरी श्रेणी म्हणजे पहिलीपेक्षा कमी प्रतीची का? कुठलं साल घ्यावं? सोबत जेवायला काय करावं? आई वाइन घेत नाही, पण तिला आमच्यासोबत बसायला आवडेल. म्हणून जेवण तिच्याही तोंडाला रुचेल असं हवं.

गारोनकाठी

मंजिरीताई, तुमच्या वाइनवाल्याने उत्तम सुचवलं आहे. बाबांचे प्रश्न वाचल्यावर तर मी दुसरं काही सुचवणार नाही. मी बोर्दोत वाइनच्या व्यापारात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी श्रेणीचं. १८५५ साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला बोर्दोच्या वाइनची यादी हवी होती. बोर्दोच्या व्यापारी मंडळाने ते काम दलालांवर सोपवलं. दलालांनी चवी घेत बसण्यापेक्षा आपली वहीखाती पाहिली. कुठल्या शातोच्या वाइनला गेली कित्येक वर्षं काय भाव मिळतो, त्यावरून पाच श्रेण्या लावल्या. म्हणजे ही यादी मुळात बाजारभावाची आहे, आणि ती आजही चालू आहे. १९७३ साली शातो मुताँ-रोथशिल्डला दुसरीतून पहिलीत घेतलं, हा तिच्यातला एकमेव मोठा बदल. आज यादीत ६१ लाल वाइन आहेत. त्यातल्या ६० मेदोकच्या आणि एक, ओ-ब्रियाँ, ग्राव्ह या बोर्दोच्याच दुसऱ्या भागातली. पहिल्या श्रेणीत ५ आणि दुसऱ्या श्रेणीत १४.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. इथे श्रेणी शातोला आहे, जमिनीच्या तुकड्याला नाही. शातोने शेजारची जमीन विकत घेतली किंवा अदलाबदल केली तरी श्रेणी तीच राहते. बुर्गोन्य या फ्रान्सच्या दुसऱ्या वाइनप्रदेशात याच्या अगदी उलट आहे, तिथे मान जमिनीला. त्यामुळे १८५५चा आकडा पाहून बाटली निवडू नका. त्या घराने गेली तीस-चाळीस वर्षं काय केलं आहे, ते पाहा. पाचव्या श्रेणीतल्या काही वाइन आज दुसऱ्या श्रेणीच्या भावाने विकल्या जातात, आणि त्या भावाला लायकही आहेत.

आता लेओव्हिल बार्टन. थॉमस बार्टन हा आयरिश माणूस अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बोर्दोला आला आणि त्याने १७२५ साली वाइनचा व्यापार सुरू केला. त्याचा नातू ह्यू बार्टन. फ्रेंच राज्यक्रांतीत ह्यूला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो आयर्लंडला गेला आणि इथला धंदा त्याचा भागीदार दानिएल गेस्तिए याने सांभाळला. पुढे ह्यूने १८२१ साली शातो लांगोआ घेतला आणि १८२६ साली जुन्या लेओव्हिल जहागिरीचा एक हिस्सा घेतला. ती जहागीर आज तीन शातोंमध्ये वाटलेली आहे : लास काझ, प्वाफेरे आणि बार्टन. तिन्ही दुसऱ्या श्रेणीत. बार्टनच्या वाट्याला जमीन आली, पण हवेली आली नाही. म्हणून वाइन पिढ्यान् पिढ्या लांगोआच्या तळघरात होत आली.

१८५५च्या यादीतली फार थोडी घरं आज त्याच कुटुंबाकडे आहेत. हे त्यांतलं एक. अँथनी बार्टन यांनी १९८३ साली काकांकडून कारभार घेतला आणि २०२२ साली ते वारले. आता त्यांची कन्या लिलियन आणि तिची मुलं पाहतात. अँथनी यांच्याबद्दल इथल्या व्यापारात आजही आदराने बोलतात, त्याचं कारण भाव. आजूबाजूचे लोक गाजलेल्या सालांना भाव दुप्पट करत होते, तेव्हाही ते गिऱ्हाइकाला बाटली विकत घेऊन पिता यावी असाच भाव लावत. आमच्या धंद्यात हे सोपं नाही. तुमच्या बजेटमध्ये दुसऱ्या श्रेणीची बाटली येते आहे, त्यामागे हीच पुण्याई आहे.

चवीचं आणि सालाचं रात्री लिहिते.

परवडेल_ते

गारोनकाठीताईंची माहिती उत्तम आहे, पण वेगळं मत मांडतो. वाइनची सवय नसलेल्या माणसाला शंभर युरोची, तुरट, गंभीर बाटली का द्यायची? मेदोकमध्ये 'क्रू बुर्झ्वा' म्हणून वेगळी वर्गवारी आहे. २०२० पासून तिचे तीन स्तर आहेत. वीस-पंचवीस युरोत फार सुंदर वाइन मिळते. त्याच पैशात चार बाटल्या घ्या, चार वेगवेगळ्या गावांच्या, आणि बाबांना फरक चाखू द्या. शिकायला तेच बरं.

मंजिरी_तुलूझ

@परवडेल_ते, तुमचं म्हणणं पटतं. पण बाबांनी आयुष्यभर निर्यातीच्या प्रतवारीचा माल पिकवला आहे. मण्याचा आकार, साखर, रंग हे सगळं मोजून. त्यांना सर्वांत वरच्या प्रतीचं एकदा तरी समोर हवं आहे. एका क्रू बुर्झ्वाची जोड दिली तर कसं?

परवडेल_ते

अगदी चांगलं. मग क्रू बुर्झ्वा आधी उघडा, लेओव्हिल बार्टन नंतर. उलट केलंत तर क्रू बुर्झ्वावर अन्याय होईल.

खरडछाटणी

मी नाशिकचा, द्राक्षशेतीत सल्लागार. वाइनबद्दल वरच्या लोकांइतकं सांगू शकणार नाही, पण बाबांना बागेत काय दाखवायचं ते सांगतो. मेदोकमध्ये मी फिरलो आहे आणि परतताना डोक्यात फक्त शेतीच होती.

पहिली गोष्ट वेलींची दाटी. आपल्याकडे मांडवावर किंवा वाय पद्धतीवर एकरी हजारेक वेली. मेदोकच्या चांगल्या बागांत हेक्टरी नऊ-दहा हजार, म्हणजे एकरी चार हजारांच्या घरात. वेल गुडघ्याएवढी, तारेवर बांधलेली, घड जमिनीपासून हातभर उंच. मांडवाखाली उभं राहून काम केलेल्या माणसाला ते पाहून आधी कंबरदुखी आठवते, पण कारण नीट आहे : खालच्या गोट्यांची ऊब घडाला मिळते.

दुसरी गोष्ट उतारा. आपण खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन धरतो. तिथे हेक्टरी ४५ हेक्टोलिटरच्या, म्हणजे साडेचार हजार लिटरच्या आसपास वाइन निघते. द्राक्षात मोजलं तर एकरी अडीच टन, तेवढंसुद्धा नाही. वेली चौपट आणि माल पाव. म्हणजे एका वेलीवर मोजकेच घड. बाबांना हा हिशोब सांगा, भावाचं अर्धं कोडं तिथेच सुटेल.

तिसरी गोष्ट पाणी. मोठ्या वेलींना आपल्यासारखं रोजचं ठिबक तिथे नसतं. पाऊस पडेल तो. मुळं खडीतून खोल जातात आणि खालच्या चिकणमातीतली ओल शोधतात.

आणि छाटणी. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी, कारण आपली वेल झोपतच नाही. तिथे थंडीत वेल पूर्ण सुप्तावस्थेत जाते, एकदाच छाटतात. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुरुवातीला फुलोरा, ऑगस्टच्या सुमाराला रंग भरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी. तुम्ही जूनमध्ये जाताय, म्हणजे बाबांना फुलोरा किंवा नुकते धरलेले मणी दिसतील. कॅबर्ने सोव्हिन्यॉं या तिथल्या मुख्य वाणाचा मणी किती बारीक राहतो आणि घड किती सुटा, ते त्यांना दाखवा. तिथे मणी फुगवायला जिबरेलिकच्या बुडवण्या नाहीत, विरळणीची कात्री वेगळ्या कारणासाठी चालते. मणी बारीकच हवा, कारण रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा, सालीत असतात, आणि मणी लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

खुंटाचंही विचारतील. फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तिथेही अमेरिकन खुंटावरच कलम. आपल्या डॉगरिज खुंटाचं मूळही अमेरिकेतलंच.

गारोनकाठी

खरडछाटणी, फार छान लिहिलंत. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. फक्त खडीचं थोडं वाढवते. मेदोकची ही खडी नदीने आणलेली आहे. हिमयुगांच्या काळात गारोनने पिरेनीजकडून गोटे वाहून आणले आणि झिरोंद या तिच्या रुंद मुखाच्या काठाने त्यांचे उंचवटे साचले. खडीत पाणी साचत नाही आणि ती लवकर तापते. कॅबर्ने सोव्हिन्यॉं उशिरा पिकणारं वाण, त्याला ही ऊब लागतेच. मधला सखल भाग पूर्वी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून तो कोरडा केला, आणि त्यानंतर मेदोकमध्ये मोठ्या बागा उभ्या राहिल्या. इथले लोक म्हणतात की उत्तम वेलींना नदी दिसते. सँ-झुलियाँत उभं राहिलात तर ते डोळ्यांनी पटतं. रुंद झिरोंद थंडीची आणि उन्हाची धार बोथट करते. २०१७च्या एप्रिलमध्ये बोर्दोत कडक दहिवर पडलं आणि कित्येक बागा करपल्या, तेव्हा नदीकाठचे बरेच तुकडे वाचले होते.

आता चव. सँ-झुलियाँ हे छोटं गाव, पण त्यात ११ वर्गीकृत शातो. पहिल्या श्रेणीचा एकही नाही, तरी सगळ्यांत भरवशाचं गाव हेच. उत्तरेला पोयाक, तिथल्या वाइनमध्ये ताकद. दक्षिणेला मार्गो, तिथे सुगंध आणि नाजूकपणा. सँ-झुलियाँत या दोन्हींचा तोल सापडतो. लेओव्हिल बार्टनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्यॉं, बाकी बहुतेक मेर्लो आणि थोडी कॅबर्ने फ्राँ. लाकडी पिंपांत आंबवतात, मग ओकच्या छोट्या पिंपांत दीड वर्षाच्या आसपास ठेवतात. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पिंपं नवी असतात.

तरुण असताना ही वाइन स्वतःला आखडून धरते. गडद रंग, काळ्या फळांचा वास, आणि टॅनिन कच्च्या सुपारीसारखं जिभेला धरून ठेवणारं. पहिल्या घोटाला खूश करायला ती बनवलेलीच नाही, आणि मला तिचा हाच स्वभाव सगळ्यांत आवडतो. दहा-बारा वर्षांनी तुरटपणा विरघळायला लागतो. मग देवदाराच्या लाकडाचा वास येतो, सुक्या तंबाखूच्या पानाचा, पेन्सिल तासल्यावर येतो तो, आणि मागे काळं फळ शांतपणे टिकून राहतं. गोडवा नसतो, पण घोट गेल्यावर चव बराच वेळ तोंडात राहते. मद्यार्काचा भडकाही नाही. बाटली संपताना पहिल्या ग्लासापेक्षा शेवटचा ग्लास चांगला लागतो.

बाबांना एक प्रयोग सांगा. त्यांनी कधीतरी अनाब-ए-शाहीची बी चावली असेल. बी आणि साल यांतला तो तुरटपणा म्हणजेच टॅनिन. खाण्याच्या द्राक्षात आपण तो टाळतो. इथे मात्र त्याच्याच जोरावर वाइन तीस वर्षं टिकते.

मंजिरी_तुलूझ

हे वाचून दाखवणार आहे त्यांना फोनवर. मग साल कुठलं?

गारोनकाठी

२०१४. अजिबात शंका न ठेवता.

२०१६ हे या तिन्हींत सगळ्यांत मोठं साल, यात वाद नाही. वर्षाचा पहिला भाग ओला, मग जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ कोरडं, आणि रात्री गार. त्यामुळे सगळं भरपूर आहे : फळ, आम्ल, टॅनिन. पण म्हणूनच तिला वेळ हवा. आता उघडलीत तर पैसे मोजून बंद दार पाहाल. २०१९ उष्ण साल, गोलसर, मोकळं, तरुणपणीही बोलतं. परवडेल_ते म्हणतात तशी सवय नसलेल्या माणसाला ते पटकन आवडेल. पण जुन्या बोर्दोचा जो गंध बाबांना दाखवायचा आहे, तो तिच्यात अजून उतरलेला नाही. २०१४चा ऑगस्ट थंड गेला, सगळ्यांनी आशा सोडली होती, मग सप्टेंबर आणि ऑक्टोबरभर कोरडं ऊन पडलं आणि कॅबर्नेने साल तारलं. त्या सालाचा गाजावाजा झाला नाही, म्हणून भावही शहाणा राहिला. वाइन ताजी, सरळ, आणि आता पिण्याजोगी होते आहे. शेवटच्या सहा आठवड्यांच्या उन्हाने पीक वाचलं, याचा अर्थ तुमच्या बाबांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पोयाकप्रेमी

पोयाकचं शातो लँश-बाझ विसरलात का? पाचवी श्रेणी कागदावर, प्रत्यक्षात कितीतरी वर. त्या घरच्या झाँ-मिशेल काझ यांनी शेजारची बाझ वस्ती पुन्हा उभी केली आहे, बेकरी आहे, खाणावळ आहे. आईंनाही तिथे हिंडायला आवडेल. बाटली मात्र तुमच्या बजेटच्या जरा वर जाईल.

गारोनकाठी

बाझला नक्की जा, आईंसाठी खरंच चांगली सूचना. बाटली बदलू नका. आणि पैसे आखडते घ्यायचे असतील तर सख्खी बहीण आहे : लांगोआ बार्टन, तिसऱ्या श्रेणीची, तेच कुटुंब, तेच तळघर, भाव बराच कमी. थोडी हलकी, लवकर तयार होणारी.

सुगरण_ल्योंची

जेवणाचं मी सांगते. तिखट मटण नको. मिरचीने टॅनिन अधिक बोचरं लागतं आणि वाइन कडू वाटते, दोघांचंही नुकसान. पोयाकचं कोकरू या भागात प्रसिद्ध आहे, खाटकाकडे मिळालं तर मांडीचा तुकडा आणा, लसूण, मीठ, मिरी आणि लोणी लावून ओव्हनमध्ये भाजा. आपल्या चवीचं करायचं असेल तर मटण सुकं करा, पण कांदा, खोबरं, धणे, मिरी यांवर भागवा. लाल मिरची आणि चिंच दोन्ही बाजूला ठेवा. आईंसाठी, त्या मांसाहार करत नसतील तर, जाड मशरूम लोण्यात चांगले तपकिरी होईपर्यंत परतून, सोबत मसूर. हे वाइनलाही फार छान जातं. शेवटी जुनं काँते किंवा मिमोलेत चीज. गोड अगदी शेवटी, ग्लास रिकामे झाल्यावर. गोडानंतर ही वाइन आंबट आणि रुक्ष लागते.

मंजिरी_तुलूझ

आई मांसाहार करते, फक्त वाइन नको तिला. मटण सुकं ठरलं! उघडण्याचं सांगा ना कुणीतरी. भांड्यात ओतून ठेवायची का? आणि शातो पाहता येईल का?

गारोनकाठी

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाला बसेल. जेवणाआधी दीड-दोन तास हलक्या हाताने काचेच्या सुरईत ओता, मानेपाशी गाळ दिसला की थांबा. तापमान १६ ते १८ अंश. जूनमध्ये तुलूझच्या घरात २६ असेल, तेव्हा आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास मोठे घ्या आणि तिसऱ्या भागापर्यंतच भरा. घेताना वाइनवाल्याला विचारा की बाटल्या त्याच्याकडे कुठे ठेवलेल्या असतात. खिडकीत उन्हात उभी असलेली बाटली कितीही मोठ्या घरची असली तरी घेऊ नका.

शातो पाहायला आधी वेळ ठरवावी लागते, बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार बंद. महिनाभर आधी मेल करा, त्यात बाबा द्राक्ष बागायतदार आहेत हे जरूर लिहा. शेतकऱ्याला इथले लोक वेगळ्या आपुलकीने फिरवतात, मी अनेकदा पाहिलं आहे. तुलूझहून बोर्दोला रेल्वेने दोन तासांच्या वर लागतात. पुढे गाडी भाड्याने घ्या आणि द-दोन या रस्त्याने जा. मार्गो, बेशव्हेल, सँ-झुलियाँ, पोयाक सगळे त्याच रस्त्यावर आहेत. सँ-झुलियाँच्या वेशीवर प्रचंड मोठी बाटली उभी आहे, चुकणार नाही. ग्रुओ लारोझ या शातोत उंच मनोरा आहे, वरून बागा आणि नदी दोन्ही दिसतात. बाबांना गुडघ्यांचा त्रास नसेल तर तिथे न्याच.

मंजिरी_तुलूझ

खूप खूप आभार सगळ्यांचे. २०१४ची एक ठेवायला सांगितली आहे, सोबत मेदोकमधल्या मुलिस गावचा एक क्रू बुर्झ्वा. शेवटचा प्रश्न : बाबांना आणखी एक बाटली निफाडला नेता येईल का, काकांसाठी?

खरडछाटणी

भारतात उतरताना प्रौढ माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. हातातल्या बॅगेत नेऊ देणार नाहीत, मोठ्या बॅगेत मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवा. पावती जवळ असू द्या. घरी पोचल्यावर निदान दोन-तीन आठवडे आडवी, अंधाऱ्या गार जागी ठेवा, मग उघडा. निफाडला उन्हाळ्यात उघडायची नाही, दिवाळीनंतरच्या थंडीत उघडा. आणि नेण्यासाठी लांगोआ घ्या, ती काकांना लवकर पिता येईल.